दिवेवालीचे कान

६ जानेवारी

ताई,

नमस्कार, खुशाली, सगळं लिहिलं असं धरून चाल, कारण मला आधी बातमी सांगायची आहे. आपली दिवेवाली गाजली! परवा भाजीच्या दुकानात दोन मुली तिच्यावरून कडाकडा भांडत होत्या आणि मी हातात कोबी धरून वेड्यासारखी ऐकत उभी.

तुला गेममधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. आमच्या स्टुडिओत बाईचं पात्र करायचं म्हटलं की साचा ठरलेला: हातात तीन किलोची तलवार आणि अंगावर तीन ग्रॅम कपडे. दहा जणांना लोळवून आली तरी केस विंचरलेले. पोटासाठी मी अशा डझनभर बायका केल्या आणि त्यांतली एकही मला आज आठवत नाही. मग खेळणाऱ्यांना कशी आठवणार? या वेळी मी हट्टालाच पेटले. बाई चाळिशीची, कंबर धरलेली, शस्त्रबिस्त्र काही नाही, नुसता एक दिवा. एका मोठ्या बंद घरात ती कामाला आहे आणि तिला तिथून बाहेर पडायचंय. घरात धनी फिरत असतो. त्याने गाठलं की खेळ संपला. आमचे साहेब म्हणाले, "अहो, मोलकरीण होऊन कोण खेळेल?" आता तेच साहेब येईल त्याला सांगतात की कल्पना त्यांची.

चेहरा तुझा नाही, घाबरू नकोस. पण चाल तुझी आहे. गेल्या सुट्टीत तुझ्याकडे आले होते तेव्हा मी फोन घेऊन तुझ्या मागेमागे फिरत होते आणि तू म्हणत होतीस, "माझं काय शूटिंग करतेस, त्यापेक्षा भांडी विसळ." त्यातलंच आहे सगळं. कमरेवर हात ठेवून वळणं, ओले हात मागे पुसणं. आणि ते दाराचं! आत जायच्या आधी तू थांबतेस, तळहात दाराला टेकवतेस, मान जराशी कलती करून, श्वास धरून ऐकतेस आणि मगच दार ढकलतेस. एवढंसं आहे, पण इतकं सुंदर! मी ते जसंच्या तसं उतरवलं. लोक बाकी सगळं विसरतील, पण ते विसरत नाहीत. आपापल्या घरच्या दारांशी तशीच उभी राहून पोरं व्हिडिओ काढतायत.

आणि काय गं, पत्रं तुझ्या इस्त्रीच्या दुकानाच्या पत्त्यावरच का पाठवायची? फोन तर तू उचलतच नाहीस. भाऊजींना सांग, बायकोला फोन वापरायला शिकवा.

तुझी,
बारकी


२१ जानेवारी

बारके,

आशीर्वाद नेहमीचेच. तुझं पत्र काउंटरखाली लपवून तीनदा वाचलं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा कोट इस्त्रीखाली जरा जास्तच तापला. मालकीणबाई म्हणाल्या, "बहिणीच्या कौतुकात दुकान जाळाल." त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्या चालण्याचे पैसे देतात का? मी म्हटलं, आमच्यात बहिणीकडून घेत नाहीत.

तू मोठी झालीस याचा मला किती आनंद झालाय ते कागदावर मावणार नाही. आई असती तर तिला काही कळलं नसतं, पण गावभर सांगत फिरली असती.

फोनचं म्हणशील तर आमच्यात आता दोघांत मिळून एकच आहे आणि तो ह्यांच्याकडे असतो. काटकसर. घरी टपालही हरवतं, म्हणून दुकान बरं.

दाराचं काय एवढं? हे दमून आलेले असतात, डोळा लागलेला असला तर मोडू नये, म्हणून ऐकते. सवय आहे, दुसरं काही नाही. तुला मेलीला जिथेतिथे सुंदरच दिसतं. पण एक विचारू? ते तेवढं काढता येतं का गं? म्हणजे बाई राहू दे, चाल राहू दे, फक्त ते दाराशी थांबणं. उगाच आपलं विचारते. आमच्या घरी तो गेम नाही हे एका परीने बरंच आहे. चिंगीचा अभ्यास बुडाला असता.

कंबर माझीच घेतलीस ना? मग तिला शेकायलाही सांग.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

काढायचं म्हणतेस? ज्या फांदीवर सगळा स्टुडिओ बसलाय तीच कापायची म्हणतेस? लाजू नकोस गं. मुलाखत घ्यायला आले होते, त्यांना मी अभिमानाने सांगितलं की हे माझ्या ताईचं आहे, ती घरी अशीच दाराशी ऐकते. नाव नाही सांगितलं, फक्त ताई.

आता दुसरा भाग सुरू. खेळणाऱ्यांची तक्रार आहे की पहिला फार सोपा पडला. धन्याची पावलं ऐकू येतात, तो कुठे आहे, चिडलाय की शांत आहे, सगळं आवाजावरून कळतं, मग दिवेवाली निसटते. साहेब डोकं धरून बसले होते. मी म्हटलं, सोपं आहे, धन्यालाही अक्कल द्या. बाई ऐकते हे त्याला कळतं आणि तो पाय न वाजवता चालायला लागतो! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पगारवाढ होईल बहुतेक.

आणि ऐक. चिंगीच्या वाढदिवसाला मी एक खोकं पाठवलंय. गेम आहे आणि तो खेळायचं यंत्रही. मुद्दाम तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवलंय, म्हणजे दोघांनाही आश्चर्य. टपाल हरवतं म्हणतेस, पण एवढं मोठं खोकं काही हरवायचं नाही. भाऊजींना म्हणावं, जोडून द्या. आणि तिघं मिळून बघा.

बारकी


१४ मार्च

बारके,

उत्तराला उशीर झाला. खोकं पोचलं. चिंगी नाच नाच नाचली.

रविवारी दुपारी ह्यांनी ते टीव्हीला जोडलं. चिंगी खेळायला बसली, हे चहा पीत होते, मी मोज्यांच्या जोड्या लावत होते. पहिलं दार आलं. तुझी ती बाई थांबली, हात टेकला, मान कलती केली. मोजा माझ्या हातातच राहिला. आरशासमोरसुद्धा मी स्वतःला इतकं कधी पाहिलं नव्हतं.

हे मोठ्याने हसले. "अगं, ही तर तू!" खूष झाले. दोनतीन दारं बघितली आणि मग चिंगीला विचारलं, "ही एवढं काय ऐकते?" पोर बिचारी रंगात आलेली. म्हणाली, "बाबा, धनी कुठल्या खोलीत आहे ते ऐकते. आणि रागात आहे का तेही. पावलांवरून कळतं सगळं." हे उरलेला चहा प्यायले आणि कप खाली ठेवला, अगदी हळू, आवाज न होऊ देता. मग माझ्याकडे बघितलं.

मी तुला खोटं लिहिलं होतं. झोपमोड नको म्हणून मी ऐकत नाही. चपला फरफटत आल्या तर दिवस बरा गेलाय. टाचा वाजल्या तर चिंगीला अभ्यासाला शेजारी पाठवायची. किल्ल्या खुंटीला लागल्या तर जेवायला वाढायचं, टेबलावर फेकल्या तर समोर यायचं नाही. कपाट दोनदा आपटलं तर कशाचंही उत्तर द्यायचं नाही. लग्नानंतर वर्षभरात शिकले मी हे, कुणाला शिकवावं लागलं नाही. तो रोज मारत नाही. रोज मारलं असतं तर कदाचित मीच केव्हाची उठून गेले असते. कधी मारेल ते कळत नाही, आणि ते कळावं म्हणून मी दाराशी थांबते. तुला सुंदर वाटलं ते हे.

त्या रविवारपासून तो घरात अनवाणी फिरतो. किल्ल्या खिशात. मी भांडी विसळून वळते तर तो मागे असतो. काही करत नाही. नुसता उभा राहतो आणि हसतो. त्या घरात माझं म्हणून एवढंच होतं, बारके, माझे कान. तेही आता उपयोगाचे नाहीत. तुझा दुसरा भाग आमच्याकडे आधीच सुरू झालाय.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते. पण रागावलेय. फार रागावलेय. आणि हे सांगायला तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी नाही.

ताई


२० मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच. आठवडाभर तुझ्या घरात राहिले, तुझं बोट न् बोट निरखलं आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

साहेबांकडे गेले. म्हटलं, ते दाराशी थांबणं काढा आणि धनी पाय न वाजवता चालतो ते तर मुळीच घेऊ नका. म्हणाले, "तीच तर त्या बाईची जान आहे." मी म्हटलं, ती जान माझ्या बहिणीची आहे. त्यांना वाटलं मी पैसे वाढवून मागतेय.

ते जाऊ दे. शनिवारी मी येते. तू आणि चिंगी, दोघींचं थोडं सामान तयार ठेव. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, आपण तिघी मावू. आणि तो समोर आला तर येऊ दे, त्याच्याशी मी बोलते.

बारकी


२ एप्रिल

बारके,

तू आली नाहीस हे बरं केलंस. मालकीणबाईंनी निरोप द्यायला फोन केला म्हणून थांबलीस, नाहीतर तू आलीच असतीस, मला माहीत आहे.

मी एकदा निघाले होते. चिंगी रांगत होती तेव्हा. आईकडे गेले. हा चार मोठी माणसं घेऊन मागोमाग हजर, डोळ्यांत पाणी, हात जोडलेले. आईनेच माझी पिशवी भरून दिली. म्हणाली, घरोघरी मातीच्या चुली. तुझी परीक्षा होती, म्हणून तुला कळू दिलं नाही. वाटेत त्याने एकच वाक्य सांगितलं: "जायचं तर एकटी जा, पोर माझी आहे." ते वाक्य त्याला नंतर कधी पुन्हा बोलावं लागलं नाही. आता तू आलीस तर तो दारात उभा राहील, चिंगीचा हात धरून, आणि तू काय करशील?

तुझ्या मुलाखतीमुळे इकडे काय झालंय ते ऐक. त्याने सगळ्यांना सांगितलंय की ती ताई म्हणजे आमची ही. आता पाहुणे येतात. ऑफिसातले येतात, त्यांच्या बायका येतात. चहा झाला की तो म्हणतो, "करून दाखव गं." मग मी स्वयंपाकघरात जायचं, दार लावायचं, हात टेकायचा, मान कलती करायची आणि बाहेर यायचं. लोक टाळ्या वाजवतात. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतो. परवा एक जण म्हणाली, "नशीब काढलंत हो." तेव्हा मला तिचाही राग आला नाही. हसू आलं.

पण लिहायचं कारण दुसरंच आहे. काल मी बाजारातून आले तर चिंगी आतल्या खोलीच्या दाराशी उभी. हात टेकलेला, मान कलती. मी म्हटलं, "काय गं, दिवेवाली झालीस?" तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मला गप्प केलं. बारके, पोर खेळत नव्हती. मला आता ऐकू येत नाही म्हणून तिने ते काम घेतलंय.

तिला बाहेर काढता येतं का बघ. माझं नंतर. तूच त्याला नाचवू शकशील, कारण सध्या त्याला एकाच गोष्टीची चटक लागली आहे: लोकांनी ओळखावं.

ताई


९ एप्रिल
(घरच्या पत्त्यावर)

आदरणीय भाऊजी आणि ताई,

दोघांना मनापासून नमस्कार. दिवेवाली इतकी गाजली त्यात तुमच्या घराचा वाटा मोठा आहे, हे मी इथे सगळ्यांना सांगत असते. आमच्या साहेबांची फार इच्छा आहे की खऱ्या दिवेवालीच्या मुलीने सुट्टीत आमचा स्टुडिओ बघायला यावं. दुसऱ्या भागाच्या जाहिरातीसाठी तिचे फोटो काढायचे आहेत. सोबत भाऊजींचाही एक चांगला फोटो पाठवावा, कुटुंबप्रमुख म्हणून नावासकट छापायचा आहे. कोट घातलेला असेल तर उत्तम. ताईला आणायची गरज नाही, तुमची गैरसोय होईल. चिंगीला गाडीत बसवून दिलं तरी पुरे, मी उतरवून घेईन.

तुमची नम्र,
बारकी


५ मे

बारके,

हे पत्र तुला चिंगीच्या कोटाच्या अस्तरात सापडेल. उन्हाळ्यात कोट कशाला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, फोटोत शोभेल. पटलं लगेच. मालकीणबाईंनी अस्तर उसवून दिलं आणि मी शिवलं. दोरा त्यांनी माझ्या आधीच ओवून ठेवला होता.

त्याने दोन फोटो काढून घेतले. कुठला पाठवू म्हणून आठवडाभर मला विचारत होता. लबाड आहेस तू, चांगलीच लबाड आहेस, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा कौतुकाने म्हणतेय.

मला तो सोडणार नव्हताच. म्हणाला, "ती येईलच परत. तू इथे आहेस ना." त्याला वाटतं मी म्हणजे तारण.

आता नीट ऐक. तिला परत पाठवू नकोस. सुट्टी संपली तरी नाही, शाळा उघडली तरी नाही. तिथेच नाव घाल. यापुढे माझ्या अक्षरात पत्र येईल, चिंगीला पाठव म्हणून. पाठवू नकोस. मी गयावया केली असेल, शपथा घातल्या असतील, कागदावर टिपं पडलेली असतील, तरी पाठवू नकोस. ती टिपं खरी असतील, बारके. तरीही पाठवू नकोस. आणि हे मी सांगितलंय असं त्याला स्वप्नातही वाटता कामा नये. सगळा दोष तुझ्यावर घे. घेशील ना?

ती त्या घरात होती तोवर मला दोघींसाठी जपून राहावं लागत होतं. आता एकटीचंच बघायचंय. एकटीला एखाद्या दिवशी निघता येईल. कधी ते मला माहीत नाही आणि विचारू नकोस.

तिला दूध आवडत नाही, पण रागावलं की पिते. दार आपटलं तर दचकते, म्हणून तुझी दारं जरा सांभाळून लाव. कुठल्याही खोलीत जाताना ती थांबेल. थांबू दे. हळूहळू जाईल. फक्त तुझ्या स्टुडिओतल्या कुणालाही ते सुंदर आहे असं तिच्यासमोर म्हणू देऊ नकोस.

ताई


११ जून

प्रिय बहिणीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल आहे. चिंगीची शाळा उघडली असून तिला अजून का पाठवले नाही याचे आम्हा दोघांना आश्चर्य वाटते. तिच्या वडिलांना फार काळजी आहे. पत्र मिळताच तिला पाठवून द्यावे. तू असे वागशील असे वाटले नव्हते. मी दुकानातली नोकरी सोडली आहे, तरी तिकडे पत्र पाठवू नये. घर तिच्यावाचून खायला उठते. मला रात्रंदिवस तिचीच आठवण येते. तुला माझी शपथ आहे, तिला पाठव.

तुझी,
ताई


१८ जून

ताई,

पत्र मिळालं. भाऊजी वाचत असतील तर त्यांनाही नमस्कार.

चिंगी येणार नाही. इथल्या शाळेत मी तिचं नाव घातलंय. भाऊजी, यात ताईला बोल लावू नका, ती बिचारी शपथा घालतेय आणि माझ्या मनाला पाझर फुटत नाही. मला मूलबाळ नाही, पोरीचा लळा लागला, मी आपमतलबी आहे, असं म्हणा. कोर्टात जायचं असेल तर खुशाल जा. वकीलबाईंचा पत्ता मागे लिहिलाय, आता जे बोलायचं ते त्यांच्याशी बोला. तुमचा कोटातला फोटो छापला जाणार नाही. मी ती नोकरी सोडली. त्यामुळे हल्ली दिवसभर घरीच असते. कुठे म्हणून जात नाही.

चिंगी आता दूध पिते. काल मी काही न बोलता पेला पुढे केला, तर म्हणाली, "मावशी, आधी रागाव तरी." तेवढं हसली.

ताई, लहानपणापासून मी तुझं एक ऐकलं नाही. तू झाडावर चढू नको म्हणालीस, मी चढले. तू घरी लवकर ये म्हणालीस, मी दिवे लागल्यावर आले. आता तू रडून पोर मागतेस आणि मी देत नाही. मला काय वाट्टेल ते म्हण. माझं नाव टाक. पण मी तुझं ऐकणार नाही.

तुझी दुष्ट बहीण,
बारकी